ज्यांचे दुःख, त्यांचीच वाणी

(शास्त्रपाठ : गणना, अध्याय २७ वा)



गणना ह्या पुस्तकाचा सत्ताविसावा अध्याय आपल्या उपासनेत क्वचितच वाचला जातो. त्याच्या मागे शिरगणतीच्या लांबलचक याद्या आहेत आणि पुढे अर्पणांचे नियम आहेत. त्या दोहोंच्या मध्ये हा लहानसा अध्याय वाचणाऱ्याच्या नजरेतून सहज निसटतो. तथापि त्यात दोन मोठ्या गोष्टी शेजारी शेजारी सांगितल्या आहेत. पहिल्या भागात सलाफहादाच्या पाच मुली आपली फिर्याद घेऊन मोशेपुढे उभ्या राहतात, आणि दुसऱ्या भागात मोशे आपल्यामागून लोकांस चालवावयास यहोशवाला नेमतो. आपले गाऱ्हाणे आपल्या मुखाने कसे मांडावे हे पहिला भाग शिकवतो. लोकांचा भार एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर कसा द्यावा हे दुसरा भाग शिकवतो. ह्या दोन धड्यांच्या उजेडात आम्ही आज अशा एका विषयाचा विचार करू इच्छितो, की ज्याविषयी आपल्या देवळांतून फारसे बोलले जात नाही. तो विषय म्हणजे मनाचा आजार, आणि तो आजार ज्यांनी भोगला आहे त्यांनी एकमेकांच्या साहाय्यासाठी स्वतः चालवलेली मंडळे.

शरीराच्या दुखण्याला आपल्या खेड्यात विचारपूस करणारे पुष्कळ असतात. कोणास ताप आला, कोणाचा हात मोडला, तर शेजारीण पेज घेऊन येते आणि पाळकसाहेब प्रार्थनेस येतात. परंतु ज्या घरात मनाचे दुखणे शिरते त्या घराचे दार आतून लागते. कोणी म्हणते बाहेरचे झाले, कोणी म्हणते करणी केली; भगताचा उंबरा झिजवला जातो. ख्रिस्ती घरातही, विश्वास उणा पडला म्हणून असे झाले, असा ठपका कधी कधी रोग्यावरच येतो. बहिणीचे लग्न जमावयाचे असते म्हणून भावाचा आजार लपवतात. मग हळूहळू त्या मनुष्यास काही विचारणेच बंद होते. दवाखाना कोणता, औषध कोणते, शेताचा हिस्सा कोणाच्या नावे करावयाचा, हे सर्व त्याच्या देखत, पण त्याला न विचारता ठरते. आजाराने त्याची झोप नेली असेल; पण त्याची वाणी आजाराने नेलेली नसते. ती माणसांनी काढून घेतलेली असते.

आता त्या पाच बहिणींकडे पाहा. महला, नोआ, होग्ला, मिल्का व तिरसा अशी त्यांची नावे शास्त्राने जपून ठेवली आहेत. त्यांचा बाप रानात मेला. त्याला पुत्र नव्हता. आणि वतन पुत्रांस मिळे, म्हणून बापाचे नाव कुळातून पुसले जाणार होते. ह्या प्रसंगी त्यांनी काय केले? त्या तंबूत बसून रडल्या नाहीत, आणि कोणा चुलत्याला आपल्या वतीने बोलावयास पाठवले असेही नाही. दर्शनमंडपाच्या दारी, मोशे, एलाजार याजक, सरदार व सर्व मंडळी ह्यांच्यासमोर त्या स्वतः उभ्या राहिल्या. त्या एकट्यादुकट्या आल्या नाहीत, पाचही जणी मिळून आल्या. त्यांनी आपल्या बापाची हकीकत खरेपणाने सांगितली. तो कोरहाच्या बंडात सामील नव्हता हे स्पष्ट केले. आणि आम्हांस अमुक हवे अशी नेमकी मागणी केली. दया करा, असे मोघम त्या बोलल्या नाहीत. मोशेनेही, बायकांनी ह्यात बोलू नये, असे म्हटले नाही. त्याने त्यांचे प्रकरण परमेश्वरापुढे नेले, आणि परमेश्वराने त्या मुलींचे म्हणणे योग्य ठरवले. इतकेच नव्हे, त्यांच्या एका मागणीवरून सर्व इस्राएलासाठी कायमचा नियम झाला. कैवार घेण्याची विद्या जितकी आहे, तितकी सर्व ह्या थोड्या ओव्यांत आली आहे : एकत्र येणे, योग्य दारी जाणे, खरे सांगणे, नेमके मागणे, आणि आपल्याबरोबर इतरांचीही वाट मोकळी करणे.

कैवार हा शब्द आपणां ख्रिस्ती लोकांस विशेष प्रिय असावा. योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात प्रभूने पवित्र आत्म्याला जे नाव दिले त्याचे मराठी भाषांतर कैवारी असेच झाले आहे. कैवारी तो की जो बोलावताच बाजूला येऊन उभा राहतो. तो पुढे उभा राहून आपल्याला झाकून टाकत नाही, आणि मागे राहून ढकलतही नाही. दुःखिताचा कैवार कसा घ्यावा ह्याचे माप आपण ह्याच शब्दावरून घ्यावे.

मनाच्या आजारातून गेलेल्या माणसांनी आपला कैवार आपणच घेतल्याचे दाखले जुने आहेत. इंग्लंडात १८४५ साली, ज्यांना वेडे म्हणून कोंडून ठेवले होते अशा काही गृहस्थांनी एक मंडळ स्थापले. त्यात जॉन पर्सिव्हल हा पुढे होता. त्याचा बाप इंग्लंडचा मुख्य प्रधान होता, तरी वेड्यांच्या इस्पितळातील मारपीट व अपमान ह्या मुलाला चुकले नव्हते. बाहेर आल्यावर त्याने आपली हकीकत छापली आणि अन्यायाने कोंडलेल्यांसाठी झगडण्यात पुढील आयुष्य घालवले. अमेरिकेत क्लिफर्ड बिअर्स नावाच्या तरुणाने तीन इस्पितळांत हातपाय जखडलेल्या स्थितीत दिवस काढले. १९०८ साली त्याने आपले अनुभव पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले, त्याच वर्षी आपल्या प्रांतात एक संस्था काढली, व १९०९ साली सर्व देशासाठी एक. त्या कामाचा वारसा चालवणाऱ्या संस्थेने पुढे देशभरच्या इस्पितळांतून रोग्यांच्या बेड्या व साखळ्या गोळा करवल्या आणि १९५३ साली त्या वितळवून त्यांची एक घंटा ओतवली. तिचे वजन ३०० पौंड, म्हणजे सुमारे १३६ किलो आहे. आपल्या देवळाच्या घंटेचा नाद ज्यांच्या कानांत रविवारी सकाळी घुमतो, त्यांस ह्या घंटेचा अर्थ फोड करून सांगावयास नको.

न्यूयॉर्कजवळच्या एका मोठ्या मनोरुग्णालयातून सुटलेल्या काही रोग्यांना बाहेर आल्यावर ना काम होते ना मित्र. ते शहरातील सार्वजनिक ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर एकत्र जमत. आम्ही एकटे नाही, हेच त्यांनी आपल्या टोळीचे नाव ठेवले. त्यांच्या त्या जमण्यातून १९४८ साली फाउंटन हाउस हे घर उभे राहिले, आणि त्याच्या धर्तीवर पुढे इतर अनेक देशांत घरे निघाली. ऑस्ट्रेलियात सिडनी शहरी १९५७ साली मनाच्या आजारातून उठलेल्या काही जणांनी ग्रो नावाचे मंडळ सुरू केले. त्यांच्यात कॉन किओ हे एक धर्मगुरूही होते, आणि त्यांनी स्वतः हा आजार सोसला होता. बायबलाचा अभ्यास केलेल्या आमच्या वाचकांस येथे करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा पहिला अध्याय आठवेल. आपल्याला संकटात जे सांत्वन मिळाले तेच दुसऱ्या संकटग्रस्ताला देता यावे, म्हणून देव सांत्वन करतो, असे पौल तेथे शिकवतो. ज्याने ती रात्र काढली आहे त्यालाच पहाट कशी होते हे सांगता येते.

परंतु सांत्वन देणे व कैवार घेणे ह्यांसाठी केवळ दुःख भोगलेले असणे पुरत नाही, शिक्षणही लागते. हे कसे घडते ते अमेरिकेतील जॉर्जिया संस्थानाच्या उदाहरणावरून समजेल. त्या संस्थानात मिलेजव्हिल ह्या गावी १८४२ पासून एक मनोरुग्णालय आहे. एके काळी त्यात १२,००० वर रोगी होते. तेथे जे मरत त्यांस आवारातच पुरत, आणि कबरेवर नाव न घालता आकडा कोरलेला लोखंडी खुंटा ठोकत. अशा कबरा सुमारे २५,००० असाव्यात असे सांगतात. पुढे गवत कापण्यास अडचण होते म्हणून माळ्यांनी ते खुंटेही उपटून टाकले. नाव तर नव्हतेच, आता आकडाही गेला. जॉर्जियात मनाच्या आजाराचा अनुभव घेतलेल्या लोकांचे स्वतःचे एक मंडळ १९९१ साली निघाले होते. १९९७ साली अशा लोकांनी ती जागा पाहिली, आणि ती पुन्हा नीट करण्याचा निश्चय करून ते कामास लागले. मृतांचे स्मरण राखणारे हे लोक जिवंतांना विसरले नाहीत. आजारातून सावरलेल्या मनुष्याने दुसऱ्या आजाऱ्याला दिलेले साहाय्य हीसुद्धा सेवा आहे, तिचा मोबदला सरकारने द्यावा, असा आग्रह त्यांनी धरला. गरिबांच्या औषधोपचारासाठी मेडिकेड नावाची जी सरकारी योजना तेथे आहे तिच्यातून १९९९ साली त्यास मान्यता मिळाली, आणि असे करणारे जॉर्जिया हे पहिले संस्थान ठरले. २००१ पासून अशा साहाय्यकांस रीतसर शिक्षण व प्रमाणपत्र देण्याचे काम सुरू झाले. २००७ साली मध्यवर्ती सरकारने इतर सर्व संस्थानांसही ह्या मार्गाने जाण्याची मोकळीक कळवली. पाच बहिणींच्या मागणीवरून जसा सर्वांसाठी नियम झाला, तसेच येथे झाले नाही काय?

आता अध्यायाचा दुसरा भाग पाहू. मोशेला कळले की आपण पलीकडच्या देशात जाणार नाही. त्या वेळी त्याला आपल्या नावाची काळजी वाटली नाही. मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखे हे लोक होऊ नयेत, हीच त्याची चिंता होती. मग त्याने यहोशवाला एलाजारापुढे व सर्व मंडळीपुढे उभे केले, त्याच्यावर हात ठेवले, आणि आपल्या अधिकारातला काही भाग त्याला दिला. मोशे जिवंत असताना, सर्वांच्या समक्ष, आणि थोडा थोडा करून, अशा तीन रीतींनी हे पुढारीपण सोपवले गेले, हे ध्यानात ठेवावे.

आजारातून उठलेल्यांची मंडळे बहुधा दोन कारणांनी बुडतात. पहिले कारण हे की सर्व काम एकाच उत्साही मनुष्यावर येऊन पडते. सभा तोच बोलावतो, किल्ली त्याच्याचकडे असते, रडणाऱ्याचे रात्री अकरा वाजता ऐकणाराही तोच असतो. मग एके दिवशी त्याचाच आजार उलटतो, आणि दुसऱ्या आठवड्यापासून दाराला कुलूप दिसते. दुसरे कारण ह्याच्या उलट आहे. कोणी भला दाता किंवा विद्वान गृहस्थ मदतीस येतो, हिशेब आपल्याकडे घेतो, खुर्चीवर बसतो, आणि वर्षभरात ज्यांचे मंडळ ते पुन्हा सतरंजीवर मागे जाऊन बसतात. दोन्ही ठिकाणी प्रेम उणे नव्हते. उणा होता तो यहोशवा.

म्हणून पुढारीपणाचे शिक्षण म्हणजे भाषण ठोकण्याचे शिक्षण असे कोणी समजू नये. आपल्या खेड्यांतील ज्या भगिनी बचत गट चालवतात त्यांस ह्यातले पुष्कळ आधीच ठाऊक आहे. सभेची वेळ पाळणे, वहीत ठराव लिहिणे, पैशाचा हिशेब सर्वांसमोर वाचणे, अध्यक्षपण आळीपाळीने देणे, हे प्रत्येक मंडळास लागते. मनाच्या आजाराच्या मंडळास त्याखेरीज आणखी काही शिकावे लागते. दुसऱ्याचे दुःख उपदेश न करता ऐकणे. सभेत ऐकलेले पाणवठ्यावर न बोलणे. आपली कहाणी कोणापुढे व किती सांगावयाची हे स्वतः ठरवणे. कायदा समजून घेणे. अर्ज लिहिणे व त्याची पोच घेणे. आणि आपला आजार परत डोके वर काढू लागला तर कोणास कळवावे व काम कोणाच्या हाती द्यावे हे बरे असतानाच लिहून ठेवणे. ज्या मंडळात प्रत्येक कामाला दुसरा मनुष्य तयार असतो, तेथे पहिल्याला आजारी पडण्याची लाज वाटत नाही.

येथे कोणी शंका घेईल की ज्याचे मन एकदा डळमळले त्याच्या हाती इतरांचा भार कसा द्यावा? त्याने राजांच्या पहिल्या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय वाचावा. एलीया रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागत होता. परमेश्वराने त्याला दोष दिला नाही. त्याला झोप दिली, भाकर व पाणी दिले, पुन्हा झोप दिली, आणि मग काम दिले. त्या कामांत अलीशाला आपल्या जागी अभिषेक करणे हेही होते. मरण मागणाऱ्या मनुष्याला देवाने निकामी ठरवले नाही, आणि त्याच्यावर सर्व भार एकट्याने वाहण्याची सक्तीही केली नाही. तशीच दुसरी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ही मंडळे डॉक्टरांच्या जागी नाहीत. झोप व भाकर हीसुद्धा देवाने पाठवलेलीच साधने होती, तसेच औषधही आहे. ते कोणी मनाने किंवा कोणाच्या सांगण्यावरून बंद करू नये.

हा विषय परक्या देशाचा आहे असेही कोणी म्हणू नये. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे एका खाजगी आश्रयस्थानाला आग लागली. आतले मनोरुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते. त्यांस पळता आले नाही, आणि २८ जण प्राणास मुकले. त्यांच्या आरोळ्या ऐकून सर्व देश हळहळला. पुढे २००७ साली आपल्या देशाने अपंगांच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार मान्य केला, आणि त्यास अनुसरून मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला व २०१८ च्या मे महिन्यात अमलात आला. ह्या कायद्याने मनोरुग्णास साखळीने बांधणे मना केले आहे. आपण पुढे आजारी पडलो तर कोणता उपचार व्हावा व कोणता होऊ नये हे आधी लिहून ठेवण्याचा, आणि आपला प्रतिनिधी आपणच नेमण्याचा अधिकार त्याने दिला आहे. रोग्यांच्या तक्रारी ऐकण्यासाठी जी पुनर्विलोकन मंडळे नेमावयाची, त्यांच्या सहा सभासदांपैकी दोन जागा स्वतः आजार भोगलेले, त्यांची काळजी वाहणारे, किंवा अशांच्या व त्या क्षेत्रात काम करणाऱ्या संस्थांचे लोक ह्यांच्यासाठी ठेवल्या आहेत.

जागा ठेवली खरी, पण त्या खुर्चीवर बसून न्यायाधीश व डॉक्टर ह्यांच्या पंक्तीत निर्भयपणे बोलणारा मनुष्य कोठून यावयाचा? तो एका दिवसात तयार होत नाही. तो एखाद्या लहानशा मंडळात, सतरंजीवर, पाचसहा जणांपुढे प्रथम बोलावयास शिकतो. अशी मंडळे नसतील तर त्या जागी त्याच्या नावाने दुसराच कोणी बोलेल. येथे त्या पाच बहिणींची पुढची हकीकत सांगणे अगत्याचे आहे. यहोशवाच्या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात त्या पुन्हा भेटतात. नियम होऊन वर्षे लोटली होती, मोशे मरण पावला होता, देश वाटला जात होता. तरी त्यांचा वाटा आपोआप पदरात पडला नाही. त्यांस एलाजार व यहोशवा ह्यांच्यापुढे पुन्हा उभे राहून आज्ञेची आठवण द्यावी लागली, आणि तेव्हा त्यांस वतन मिळाले. कायदा होणे ही अर्धी वाट आहे. उरलेली अर्धी ज्याची त्याने चालावयाची असते, आणि त्या वेळी ऐकून घेणारा यहोशवा जागेवर असावा लागतो.

आपल्या महाराष्ट्रात ह्या वाटेने काही पावले पडली आहेत. पुण्यात भार्गवी दावर ह्यांनी १९९९ साली बापू ट्रस्ट ही संस्था स्थापली. त्यांच्या आईने मनोरुग्णालयाचे दुःख भोगले होते आणि ते मुलीने लहानपणी पाहिले होते. २०२४ साली वारेपर्यंत त्यांनी, मनाच्या आजाराविषयीचे निर्णय तो भोगणाऱ्यांना वगळून होऊ नयेत, हा आग्रह सोडला नाही. आणि त्यांच्या संस्थेने पुण्याच्या गरीब वस्त्यांत शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या आधारावर काम उभे केले. पुण्यातच मुक्तांगण ह्या १९८६ साली निघालेल्या व्यसनमुक्ती केंद्रात, व्यसनातून सुटलेले लोक नव्याने येणाऱ्यांना हात देतात. जे पुण्यात झाले ते तालुक्याच्या गावी होणार नाही असे नाही.

तर मग खेड्यातील मंडळीने काय करावे? प्रथम जागा द्यावी. देवळाची ओसरी किंवा शब्बाथशाळेची खोली आठवड्यातून एक सायंकाळ ह्या लोकांस मोकळी करून द्यावी, मग ते कोणत्याही धर्माचे वा जातीचे असोत, आणि खोलीची किल्लीही त्यांच्याचकडे द्यावी. पाळकाने किंवा वडिलांनी अध्यक्षाची जागा घेऊ नये. बोलावतील तेव्हा जावे आणि मागे बसावे. मंडळातील कोणी जिल्ह्याच्या ठिकाणी शिकावयास किंवा तक्रार मांडावयास निघाला तर त्याच्या एसटीच्या भाड्याची व त्या दिवसाच्या बुडणाऱ्या मजुरीची तजवीज करावी. तेथे तोच बोलेल. आपण शेजारी उभे राहावे. देवळाच्या फलकावर १४४१६ हा सरकारी टेलिमानस सेवेचा क्रमांक लिहून ठेवावा, म्हणजे ज्याला कोणापुढे तोंड उघडवत नाही त्याला निदान दूरध्वनीवर कोणाशी बोलता येईल. आणि सार्वजनिक प्रार्थनेत ज्याप्रमाणे आपण तापाने व सर्पदंशाने आजारी असलेल्यांची आठवण करतो, त्याप्रमाणे मनाने आजारी असलेल्यांचीही करावी. मात्र त्यांची परवानगी असल्यावाचून त्यांचे नाव घेऊ नये.

गरसेकरांच्या देशातील त्या मनुष्याची गोष्ट मार्काच्या पाचव्या अध्यायात आहे. आज ज्यांस मनाचा आजार आहे त्यांस भूतग्रस्त म्हणण्यासाठी कोणी ती गोष्ट वापरू नये. तसे करणे आजाऱ्याचा छळ होय. तिच्यातून आपण एवढेच घ्यावे की शुद्धीवर आलेला तो मनुष्य प्रभूबरोबर नावेत जाऊ इच्छीत होता, परंतु प्रभूने त्याला आपला आश्रित करून ठेवले नाही. त्याला त्याच्या घरी, त्याच्या लोकांत, साक्षी म्हणून पाठवले, आणि दकापलीसात त्याचे बोलणे लोकांनी ऐकले. काल ज्याला साखळ्यांनी बांधत होते, तोच त्या प्रदेशाचा पहिला उपदेशक झाला.

हे प्रभो, ज्यांची नावे पुसली गेली त्यांची नावे तुझ्या पुस्तकात आहेत. ज्यांची वाणी काढून घेतली गेली त्यांस ती परत दे. त्यांस एकमेकांजवळ आण, सत्य बोलण्याचे धैर्य दे, आणि त्यांच्यातूनच त्यांचे यहोशवा उभे कर. आम्हांस ऐकण्याचे कान दे, आणि बाजूला उभे राहण्याची नम्रता दे. आमेन.